बरी आहेस ना?

परवा बऱ्याच दिवसांनी बसने ऑफिसला गेले. (गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. एरवी हिंजवडीला बसने जाण्याइतकी मी शूर नाही.) बस खच्चून भरलेली. वाकडच्या आसपास एक विशीतला मुलगा कानातले इयरफोन काढून उठला आणि म्हणाला, "आजी, बसा."

मी मागे वळून बघितलं. मागे फक्त एक खांब होता.

वय वर्षं ४७. मुलगी अजून कॉलेजात. आजी होण्याचा तूर्तास काही योग दिसत नाही. क्षणभर जाम राग आला, मग हसू आलं आणि मग मी काय केलं असेल? बसले की! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मिळालेली सीट कोणी सोडतं का? पुढचा पाऊण तास खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात भांडत होते. त्या पोराशी नाही हो, तो बिचारा सज्जनच. भांडण दुसऱ्यांशी होतं. ते आज सविस्तर करून टाकते. चहा घेऊन बसा.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर मी केस रंगवणं बंद केलं. बस, एवढंच. संन्यास घेतला नाही, कुंकू पुसलं नाही, जिमही सोडली नाही (कधी लावलीच नव्हती). तिसाव्या वर्षी सुरू केलं होतं, म्हणजे सोळा वर्षं झाली. सवयीप्रमाणे हिशोब मांडला. दर तीन आठवड्यांनी एकदा म्हणजे वर्षाला साधारण १७ वेळा. सोळा वर्षांत २७२ वेळा. कालवणं, लावणं, जुनं टॉवेल गुंडाळून भुतासारखं घरभर हिंडणं, धुणं आणि मग बाथरूमच्या टाइल्सवरचे डाग घासणं, सगळं मिळून दीड तास धरा. झाले ४०८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ५१ कामाचे दिवस! पगारी रजा एवढी साठली असती तर मी युरोप बघून आले असते.

आणि हे सगळं कशासाठी? तर माझ्या डोक्यावर जे खरोखर उगवतंय ते कोणाला दिसू नये म्हणून.

थांबवल्यावर पहिले सात-आठ महिने भयंकर होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे वर पांढरं, खाली काळं, मधे सरळ रेघ. डोक्यावर झेब्रा क्रॉसिंग घेऊन फिरत होते म्हणा ना. शेवटी कंटाळून मानेपर्यंत कापून टाकले. पण खरा त्रास केसांचा नव्हताच. खरा त्रास होता एका प्रश्नाचा, "बरी आहेस ना?"

सोसायटीतल्या काकू, वहिनी, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांचा हाच प्रश्न. आवाज खाली आणून, दंडाला हात लावून. माझ्या मॅनेजरने (माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, स्वभावाने चांगला) कॉल संपल्यावर थांबवून विचारलं, "एव्हरीथिंग ओके ॲट होम?" मी म्हटलं, हो, का रे? तर म्हणे, "नाही, सहजच. पुढच्या महिन्यात क्लायंट येतायत.. यू नो.. जरा फ्रेश.." वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. अशी वाक्यं कधीच पूर्ण होत नाहीत, तीच त्यांची खुबी.

माझ्या नवऱ्याला पस्तिशीत टक्कल पडलं. आजतागायत त्याला एकाही माणसाने "बरा आहेस ना?" विचारलेलं नाही. उलट दाढी पांढरी झाल्यापासून लोक त्याला "सर" म्हणायला लागलेत. सुझन सोंटॅग नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७२ साली या दुहेरी मोजपट्टीवर एक अख्खा निबंध लिहिला होता. पुरुषाचं वय वाढतं तेव्हा तो मुरतो, बाईचं वाढतं तेव्हा ती शिळी होते, साधारण असा त्याचा मथितार्थ. पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. रजनीकांत पडद्यावर काळ्याभोर केसांनी खलनायकांना लोळवतो आणि पडद्याबाहेर टक्कल, पांढरी दाढी आणि लुंगीत मजेत फिरतो. लोक म्हणतात, काय साधा माणूस! त्याच्या जागी त्याच्या वयाची एखादी नायिका आणून बघा बरं. कॅनडात लिसा लाफ्लॅम नावाची नामवंत वृत्तनिवेदिका होती. २०२० च्या टाळेबंदीत तिने केस रंगवणं सोडलं. २०२२ मध्ये, ३५ वर्षं काम केलेल्या वाहिनीने तिचा करार मुदतीआधीच संपवला. हा धंद्याचा निर्णय होता, असं कंपनीने सांगितलं. असेलही. पण देशभरातल्या बायकांना आधी तिचे केसच आठवले. उगाच आठवले का?

आता जरा तांत्रिक बाजू बघू, कारण या विषयावर बोलणारी निम्मी मंडळी माहिती न घेताच बोलतात.

मध्यंतरी मानेवरची एक चामखीळ दाखवायला त्वचेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या आधी एक "काउन्सेलर" भेटली. गोड मुलगी, जेमतेम चोविशीची. चामखिळीकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाली, "मॅम, तुमच्या भुवयांच्या मधे इलेव्हन लाइन्स आहेत." म्हणजे ११ या आकड्यासारख्या दोन उभ्या आठ्या. मी म्हटलं, बाई गं, पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतेय, आठ्या पडणार नाहीत तर काय खळ्या पडतील?

तिने बोटॉक्सचं पॅकेज काढलं. बोटॉक्स म्हणजे काय, तर बोट्युलिनम नावाचं जिवाणूजन्य विष, अगदी सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतू स्नायूला जो रासायनिक निरोप पाठवतो, तो ते अडवतं. निरोप पोचला नाही की स्नायू आकसत नाही आणि आठी पडत नाही. मुळात ते डोळ्यांच्या विकारांवरचं औषध. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीवर मान्यता मिळाली. कॅनडातल्या एका डॉक्टर जोडप्याच्या लक्षात आलं की पापण्यांवर उपचार केलेल्या रुग्णांच्या आठ्याही जातायत, आणि २००२ मध्ये आठ्यांसाठी रीतसर मान्यता आली. २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठीही. औषध म्हणून ते उत्तम आहे, माझं त्याच्याशी काही वैर नाही. पण परिणाम टिकतो साधारण तीन-चार महिने. म्हणजे वर्षाला तीन-चार वेळा, तहहयात. आमच्या भाषेत याला एएमसी म्हणतात. फरक एवढाच, की इथे मशीन बिघडलेलं नसताना एएमसी विकतात.

आणि केसांचा रंग? टिकाऊ काळ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. पुष्कळांना ते चालतं, काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते. टाळू खाजते, कपाळ सुजतं, डोळे मिटतात. "मी बाई फक्त मेंदी लावते, नॅचरल," असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते : खऱ्या मेंदीतलं रंगद्रव्य केसांना नारिंगी-तांबूस करतं, काळं नाही. पुडीतली "काळी मेंदी" तासाभरात केस कुळकुळीत करत असेल तर पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ते पीपीडी बहुधा तिथेच सापडेल.

पुरुष मंडळींनो, तुम्ही गालात हसू नका. लग्नाआधी "जरा भरून घ्यावं" म्हणून केसरोपण करून घेणारे माझ्याच टीममध्ये दोघं आहेत, दोघंही तिशीच्या आतबाहेर. २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेणारा एक विद्यार्थी केसरोपणानंतर दगावला. २०२५ मध्ये कानपूरहून दोन इंजिनिअरांच्या मृत्यूची बातमी आली, आणि ते करणारी व्यक्ती दंतवैद्य होती असं त्यात होतं. सगळीकडे असंच होतं असं नाही, नीट शिकलेल्या डॉक्टरकडे धोका कमी असतो. पण २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लेखी सांगावं लागलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे केसरोपणासाठी पुरेसं प्रशिक्षण नव्हे! एखाद्या धंद्यात हे वाक्य कागदावर लिहायची वेळ येते, तेव्हा तो धंदा किती बोकाळला असेल याचा अंदाज करा.

आता तुमचे मुद्दे. ते मला पाठ आहेत, सोळा वर्षं मीच ते मांडत होते.

पहिला : "माझं शरीर, माझी मर्जी." शंभर टक्के मान्य. पण मर्जी म्हणजे काय ते ठरवू. रेस्टॉरंटमध्ये मी भरलं वांगं न मागवता पिठलं मागवलं तर कोणी दंड करत नाही, म्हणून ती मर्जी. नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून तब्येतीची चौकशी होत असेल, क्लायंटसमोर न्यायचं की नाही याचा विचार होत असेल, तर त्याला मर्जी म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. गणपतीची वर्गणी "ऐच्छिक" असते ना, अगदी तशी.

दुसरा : "त्याने आत्मविश्वास वाढतो." वाढतो, मी नाकारत नाही. रंगवलेल्या दिवशी मीही आरशात दोनदा बघायची. पण तो दर तीन आठवड्यांनी संपायचा. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी भांगात पांढरी रेघ दिसली की मी मीटिंगमध्ये खालच्या मानेने बसायचे, कोणी मागून आलं तर डोकं वळवायचे. ज्या आत्मविश्वासाला एक्सपायरी डेट असते तो विश्वास नव्हे, उधारी.

तिसरा : "मग सनस्क्रीनही लावू नका, दातही घासू नका!" हा मुद्दा आपण फार हुशार आहोत अशा समजुतीने मांडला जातो. सनस्क्रीन मी लावते. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकीच्या बाजूचा अर्धा चेहरा खोल सुरकुत्यांनी भरलेला आणि दुसरा अर्धा बराच ठीक. ऊन त्वचेची नासाडी करतं, त्यातून कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून त्यापासून जपायचं. ही झाली निगा. भाजलेल्याची त्वचा नीट करणं, केमोथेरपीनंतर विग घालणं, कोडावर उपचार घेणं, यांवर कोणी नाक मुरडलं तर मी त्याच्याशी वेगळं भांडेन. निगा आणि लपवाछपवी यांतला फरक मला विचाराल तर सोपा आहे. निगा राखताना मी स्वतःची काळजी घेते, लपवताना मी तुमची काळजी करते.

चौथा मुद्दा सगळ्यात खरा : "आयटीत वय दिसलं की संपलं." हो. आहे असं. "रेझ्युमेतली पहिली दहा वर्षं काढून टाक," हा सल्ला मला गेल्या वर्षात तीन जणांनी दिला, तिघंही माझे हितचिंतक. गंमत बघा, माझी पहिली नोकरी १९९९ सालची, वायटूकेच्या कामाची. काय होती ती भानगड? मेमरी वाचवायला प्रोग्रामरांनी वर्षाचे चार आकडे न लिहिता शेवटचे दोनच लिहिले आणि सालाचा पहिला अर्धा भाग लपवला. पुढे तो लपवलेला भाग शोधून परत घालायला जगभर अब्जावधी डॉलर गेले. ज्या पोरीने वर्षभर रात्री जागून इतरांची लपवलेली वर्षं परत घातली, तिनेच आता स्वतःची दहा वर्षं खोडायची? जमणार नाही.

पण नुसतं "जमणार नाही" म्हणणं ही माझी चैन आहे, हेही कबूल करते. घराचे हप्ते फिटलेत. नवरा कमावता आहे. माझ्या मॉड्यूलमधलं जुनं घोंगडं माझ्याशिवाय कोणाला उलगडत नाही, त्यामुळे मला काढणं कंपनीला महागात पडेल. माझ्या खाली काम करणारी एकटी आई असलेली मुलगी, किंवा रिसेप्शनवर कंत्राटावर बसणारी बाई, तिने पांढरे केस घेऊन यावं असं मी सांगू शकत नाही. तिला दंड भरणं परवडणार नाही.

आणि म्हणूनच, मंडळी, ते माझं काम आहे. ज्यांना परवडतं त्यांनी आधी थांबायचं. कारण ही सगळी चढाओढ आहे. मी ४७ ची असून ३७ ची दिसले, की खरी ३७ ची आहे ती म्हातारी ठरते. मग ती क्लिनिकला जाते आणि २७ ची घाबरते. माझी मुलगी वीस वर्षांची आहे, तिच्या वर्गातल्या मुली "प्रिव्हेंटिव्ह बोटॉक्स"बद्दल बोलतात. आठ्या पडू नयेत म्हणून, पडायच्या आधी! महाभारतातला ययाती आठवतो? त्याने म्हातारपण टाळण्यासाठी आपल्याच मुलाचं तारुण्य मागून घेतलं. खांडेकरांची कादंबरी वाचताना आम्ही त्याला नावं ठेवायचो. सोळा वर्षं मी तरी वेगळं काय करत होते? माझ्या लपवण्याचं बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडत होते.

हे मला सुचलं ते काही पुस्तकं वाचून नाही. तीन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती ७४ ची होती. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या भिशीच्या मैत्रिणी भेटायला येणार होत्या. चौघीजणी, चाळीस वर्षांची मैत्री. आई मला म्हणाली, "झोपलेय म्हणून सांग." मला वाटलं दुखत असेल. तर म्हणाली, "अगं, केस बघ ना माझे."

माझी आई बँकेत ३४ वर्षं कॅशियर होती. साहेबाला तोंडावर "सही चुकली आहे, परत करा" म्हणणारी बाई. ती भांगातल्या पांढऱ्या पट्ट्यामुळे जिवाभावाच्या मैत्रिणींना परत पाठवत होती. आणि तिला रंगाची ॲलर्जी आहे! कपाळ सुजतं, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. ती रंग लावायच्या आधी ॲलर्जीची गोळी घेते. हे मला माहीत होतं. मी काय केलं? प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वॉकरसकट बसवून तिचे केस रंगवून दिले. वाटीत थोडं उरलं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून तिथेच बेसिनसमोर माझ्या भांगाला लावलं. आरशात दोघी दिसत होतो, डोक्याला काळा लेप लावलेल्या. मी तेव्हा ४४ ची. अजून तीस वर्षांनी मी कुठल्या खुर्चीवर बसलेली असेन ते लख्ख दिसलं.

तरी थांबायला मला आणखी दोन वर्षं लागली. लगेच साक्षात्कार वगैरे झाला नाही.

आई अजून रंगवते. "तुला शोभतं गं, माझं वेगळं आहे," म्हणते. काय वेगळं आहे ते सांगत नाही. माझ्याशी वाद घालून झाला की म्हणते, "ये, मागची बाजू लावून दे." आणि मी लावून देते. निदान पीपीडी नसलेला रंग आणून देते, तो तिला पसंत नाही कारण लवकर उतरतो. तेव्हा मी कोणाला दोष देतेय असं समजू नका. मी ज्या दंडाविरुद्ध बोलतेय तो भरणाऱ्यांवर माझा राग नाही, मीच सोळा वर्षं तो भरलाय. राग वसूल करणाऱ्यांवर आहे. आणि वसूल करणारे म्हणजे फक्त कंपन्या आणि क्लिनिकं नव्हेत. आवाज खाली आणून "बरी आहेस ना?" विचारणारे आपण सगळेच आहोत.

तुम्ही पंचविशी-तिशीतली मंडळी, तुमच्याकडून मला केस पांढरे ठेवण्याची शपथ नको. एवढंच करा : ऑफिसात एखादी बाई पांढरी बट घेऊन आली तर तिच्या तब्येतीची चौकशी करू नका. "किती बोल्ड!" असं कौतुकही नको, ती काही बॉर्डरवर निघालेली नाही. तिला कामाचं विचारा. इंटरव्ह्यू घेत असाल तर समोरच्याची वर्षं मोजण्याआधी त्या वर्षांत काय केलं ते ऐका. घरी आईने केस तसेच सोडले तर गप्प राहा. आणि रंगवले तर मागची बाजू लावून द्या.

क्लायंट येऊन गेले, हे सांगायचं राहिलं. मॅनेजरने मला डेमोला बसवलं, कारण दुसऱ्या कोणाला ते सांगता येत नव्हतं. समोर साठीच्या पुढची एक बाई होती, डोकं पूर्ण पांढरं. दोन तास तिने मला इतके खवचट प्रश्न विचारले की घाम फुटला. केसांबद्दल एक शब्द नाही. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

गाडी सर्व्हिसिंगहून आली आहे. पण येत्या सोमवारी पुन्हा बसने जाऊन बघावं म्हणते. सीट मिळाली तर नाही म्हणणार नाही!